पाठ नसलेल्या पिशव्या

युरोप-अमेरिकेतल्या ज्या संग्रहालयांत तुर्कमेन विणकाम आहे, तिथे एक वस्तू हमखास दिसते. सव्वा मीटर रुंद, पाऊण मीटर उंच, गडद तांबड्या लोकरीचा एक आडवा तुकडा. त्यावर ओळीने मांडलेली अष्टकोनी नक्षी, कडेला किनार आणि तळाला झुडपांसारख्या छोट्या आकृत्यांची पट्टी. पाटीवर लिहिलेले असते, 'चुवाल, तेक्के जमात, एकोणिसावे शतक'. चुवाल म्हणजे कपडे, अंथरुणे, धान्य ठेवायची मोठी पिशवी. पण काचेआड असते ती पिशवीची नुसती पुढची बाजू. साध्या विणीची मागची बाजू कुणीतरी केव्हाच कापून फेकून दिलेली असते, त्यामुळे या पिशवीत आता काहीही ठेवता येत नाही.

कापणारा हात बहुधा व्यापाऱ्याचा होता. मागच्या बाजूला गिऱ्हाईक नव्हते. पुढचा गाठींचा भाग मोकळा केला की तो छोटा गालिचा म्हणून विकता येई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अशा हजारो पिशव्यांची पाठ कापली गेली. हे कसे घडले ते समजायचे तर आधी या पिशव्या भरलेल्या होत्या तेव्हाच्या घरात शिरावे लागते.

ते घर कॅस्पियन समुद्र आणि आमू दर्या यांच्यामधल्या मुलखातले. मध्ये काराकुमचे वाळवंट, दक्षिणेला कोपेत दागचे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी अखालच्या हिरव्या पट्ट्या, पुढे पूर्वेला मुर्गाब नदीवर मर्व्ह. इथे तेक्के, योमुत, सालोर, सारिक, एर्सारी, चोदूर अशा तुर्कमेन जमाती राहत. काही कुटुंबे मेंढ्या घेऊन हिंडणारी, काही कालव्यांच्या काठाने गहू-ज्वारी पिकवणारी, आणि अनेकदा एकाच घराण्यात दोन्ही प्रकारची माणसे. राजा नाही, राजधानी नाही. पुढाऱ्याचे ऐकायचे ते पटले तरच.

या लोकांचा दुसरा उद्योग होता धाडी घालण्याचा. इराणच्या सरहद्दीवरच्या गावांतून माणसे पकडून आणायची आणि खिवा-बुखाऱ्याच्या गुलामांच्या बाजारात विकायची. गालिच्यांवरच्या देखण्या, जाडजूड पुस्तकांत ही गोष्ट सहसा एका ओळीत उरकलेली असते. पण पिशव्या विणणाऱ्या बायका आणि धाडीवर जाणारे पुरुष एकाच छताखाली राहत होते, आणि रशियाला या मुलखात शिरायला जी सबब मिळाली ती याच धाडींची.

छत म्हणजे गोल तंबू. उघडमीट होणाऱ्या लाकडी जाळीची भिंत, वर वाकवलेल्या काठ्यांचा घुमट आणि त्यावर नमद्याचे आच्छादन. नमदा धुराने आणि उन्हाने काळवंडतो म्हणून तुर्कमेन या घराला 'काळे घर' म्हणत. आत कपाट नाही, फडताळ नाही. जे काही ठेवायचे ते भिंतीच्या जाळीला टांगायचे, आणि मुक्काम हलवायचा झाला की तेच उतरवून उंटावर चढवायचे. म्हणून या लोकांच्या घरातले सामान म्हणजे मुख्यतः पिशव्या. दारासमोरच्या भिंतीवर चुवालांची जोडी. त्यापेक्षा बुटका आणि पसरट तो 'तोरबा', त्याहून लहान 'मफ्राश'. चमच्यांची पिशवी निराळी, आरशाची निराळी, मिठाची निराळी, चात्यांची निराळी. घोड्यावर किंवा गाढवावर टाकायची दोन कप्प्यांची पडशी म्हणजे 'खुर्जीन'. दाराला पडद्यासारखा गालिचा, 'एन्सी'. दाराच्या वरच्या अंगाला आतून 'कापुनुक', म्हणजे विणलेले तोरणच. आणि घुमटाला आवळून धरणारा बारा-पंधरा मीटर लांबीचा पट्टा. उत्तम पट्ट्यांवर पांढुरक्या साध्या विणीतून तेवढी नक्षीच गाठींनी वर उठवलेली असते.

यातले सगळ्यात देखणे काम होई ते लग्नासाठी. नवरी उंटावरून सासरी जाई. उंटाच्या दोन्ही कुशींना पंचकोनी 'अस्मालिक' लटकत. ते नेहमी जोडीनेच विणले जात. तंबूच्या काठ्यांच्या मोळ्या उंटाला बांधल्या की त्यांच्या टोकांवर 'ओकबाश' नावाच्या टोप्या चढत. आपल्याकडे मांडवात रुखवत मांडतात आणि बायका त्यातला टाका न् टाका निरखतात, तसेच इथे चालत्या उंटावर मुलीचे आणि तिच्या आईचे हात पारखले जात. सोहळा आटोपला की अस्मालिक नव्या तंबूत भिंतीला लागत.

विणायचा माग जमिनीवर आडवा. चार खुंट्या ठोकायच्या, दोन आडव्या लाकडांवर लोकरीचा ताणा चढवायचा, आणि विणणारीने विणलेल्या भागावरच बसून पुढे सरकत जायचे. अचानक तळ हलवावा लागला तर खुंट्या उपटायच्या आणि अर्धवट कामासकट माग गुंडाळून उंटावर टाकायचा. लोकर घरच्या मेंढ्यांची, वसंतातल्या कातरणीची. धुणे, विंचरणे, चातीवर पीळ देणे हे सगळे बायकाच करत. एकेक गाठ अशी पडते: ताण्याचे शेजारचे दोन धागे बोटाने पुढे ओढायचे, रंगीत लोकर त्यातल्या एकाभोवती पूर्ण आणि दुसऱ्यामागून अर्धी फिरवायची, टोके खाली खेचायची आणि सुरीने कापायची. योमुत आणि सारिक बायका बऱ्याचदा दोन्ही धाग्यांना सारखी कवेत घेणारी गाठ मारत. ओळ भरली की बाण्याचे धागे घालून जड फणीने ठोकायचे आणि कातरीने वरची लव सारखी करायची. समोर कागदावर नमुना नाही. नक्षी डोक्यात आणि बोटांत, आईकडून मुलीकडे आलेली.

चांगल्या तुर्कमेन कामात दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात दोन ते चार हजार गाठी मावतात. तीन हजार धरल्या तर वर सांगितलेल्या मापाच्या चुवालच्या एका दर्शनी बाजूला सुमारे २,८१,००० गाठी लागतात. हे काम स्वयंपाक, दूधदुभते, पाणी आणणे आणि पोरे सांभाळणे यांतून उरलेल्या वेळात होई. आणि चुवाल तर जोडीने लागत.

दर्शनी बाजू गाठींची आणि पाठ साध्या विणीची, दोन्ही एकाच ताण्यावर सलग विणल्या जात. विणून झाले की पट्टा मधोमध दुमडायचा, दोन्ही कडा शिवायच्या, की पिशवी तयार. ती उंटाच्या कुशीला घासली जाई, जमिनीवर आदळे, पावसात भिजे, त्यामुळे मजबुती ही हौस नव्हती, गरज होती.

रंगांत राज्य तांबड्याचे. तो मिळे आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातल्या एका झुडपाच्या मुळांपासून. तुरटीत भिजवलेली लोकर या मुळांच्या काढ्यात घातली की विटकरीपासून काळपट जांभळ्यापर्यंत छटा निघत, आणि प्रत्येक जमातीला आपली छटा प्यारी. पिवळा स्थानिक रानफुलांचा, तपकिरी अक्रोड आणि डाळिंबाच्या सालींचा. निळा मात्र बाहेरून येई. मुलतान आणि शिकारपूरचे हिंदू व्यापारी पिढ्यान् पिढ्या बुखाऱ्यात पेढ्या टाकून बसले होते, आणि हिंदुस्थानातली नीळ अफगाण खिंडींतून त्या बाजारात पोचत असे. काही जुन्या तुकड्यांतल्या रेशमाच्या लालीत लाखेचा रंग सापडला आहे, तोही हिंदुस्थानचाच. त्याहून लांबचा पाहुणा म्हणजे कोचिनील. मेक्सिकोतल्या निवडुंगावरच्या किड्यांचा हा रंग युरोपात उतरून हात बदलत बदलत काराकुमच्या कडेला आला. वाळवंटातले हे लोक जगापासून तुटलेले होते, असे म्हणणाऱ्यांनी एकदा या धाग्यांची रासायनिक तपासणी वाचावी.

नक्षीचा गाभा म्हणजे 'गुल'. ओळीने पुन्हा पुन्हा येणारी अष्टकोनी किंवा चौकटीची आकृती. प्रत्येक मोठ्या जमातीचा मुख्य गालिच्यावरचा गुल ठरलेला. तेक्केंचा गोलसर, चार भागांत वाटलेला. योमुतांचा 'केप्से' कातऱ्या कडांचा. सालोरांचा बाहेरून बुरुजांसारखे दाते असलेला. या सालोरांचे नशीब मोठे विलक्षण. तुर्कमेनांत ते सगळ्यांत जुन्या आणि मानाच्या घराण्यांतले मानले जात. १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला इराणचा युवराज अब्बास मिर्झा याने सराख्सवर चाल करून त्यांना मोडून काढले. त्यानंतर ते शेजाऱ्यांच्या आश्रयाने विखुरले. सालोरांची विणाई आटली आणि त्यांचा बुरुजांचा गुल सारिक, तेक्के, एर्सारी बायकांच्या चुवालांवर आणि तोरब्यांवर दिसू लागला.

याचा अर्थ काय लावायचा? व्हॅलेंटिना मोश्कोवा या सोव्हिएत अभ्यासक बाईंनी १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून तुर्कमेन खेड्यांत फिरून हजारो तुकडे पाहिले. त्यांचे म्हणणे असे की जिवंत, स्वतंत्र जमातीचा गुल मुख्य गालिच्यावर मिरवतो. हरलेल्या जमातीचा गुल जेत्यांकडे जातो, पण त्याला जागा मिळते ती पिशव्यांवर. १९५२ साली मोश्कोवा वारल्या. त्यांचे पुस्तक ताश्कंदला छापून आले ते १९७० साली. त्यांचा सिद्धांत इतका सुबक आहे की पुढची कित्येक वर्षे संग्राहक तोच घोकत राहिले. अलीकडचे अभ्यासक तो जसाच्या तसा मानत नाहीत. बायका सुना म्हणून दुसऱ्या जमातीत जात, नक्षी त्यांच्याबरोबर जाई. शिवाय बाजारात जे खपे ते विणले जाई. पिशवीवरच्या गुलाला युद्धाचा निकाल समजणे हे जरा पुरुषी डोक्याचे काम वाटते, बाईने मांडलेले असले तरी.

जमातींची ही आपापसातली ओढाताण चालूच होती. १८५७ साली तेक्केंनी सारिकांना मर्व्हमधून हुसकले. सारिक दक्षिणेला योलोतान आणि पंजदेहकडे सरकले. पण या भांडणांनी पिशव्यांचे फारसे बिघडले नाही. हरलेला माणूस तंबू उचलून दुसरीकडे ठोकी आणि त्याची बायको पुन्हा खुंट्या रोवी. रशियन आले तेव्हा मात्र गोष्ट वेगळी झाली.

१८७३ साली जनरल कॉफमन याने खिवा घेतले आणि लगेच योमुतांवर जबर खंडणी लादली. ती भरायला पुरेशी मुदत न देताच त्यांच्या वस्त्या उद्ध्वस्त करण्याचा हुकूम सुटला. जॅन्युएरियस मॅकगाहन हा अमेरिकी वार्ताहर त्या फौजेबरोबर होता. पेटवलेली घरे आणि पळणाऱ्या कुटुंबांनी वाटेत टाकलेल्या गाड्या यांची हकीकत त्याने पुढच्या वर्षी पुस्तकात छापली.

मग पाळी तेक्केंची. १८७९च्या सप्टेंबरात जनरल लोमाकिन अखालमधल्या ग्योक तेपेच्या मातीच्या कोटावर चालून गेला आणि सपाटून मार खाऊन परतला. मध्य आशियात रशियन फौजेची अशी नाचक्की क्वचितच झाली होती. पीटर्सबर्गने ती जिव्हारी लावून घेतली आणि मिखाईल स्कोबेलेव याला पाठवले. प्लेव्हनाच्या लढाईत नाव कमावलेला, पांढऱ्या वर्दीत पांढऱ्या घोड्यावर बसून गोळ्यांच्या वर्षावात फिरणारा हा सेनापती लोमाकिनची चूक पुन्हा करणार नव्हता. त्याने सात हजारांच्या आसपास सैन्य, साठेक तोफा आणि दारूगोळा-अन्नाची भक्कम तयारी केली. सामान वाहायला बारा हजारांवर उंट गोळा केले. त्यातले जेमतेम काहीशे वाचले. ज्या मुलखात उंटाच्या कुशीला अस्मालिक लावून लग्ने होत, तिथे एका मोहिमेत एवढे उंट मेले.

कोटात सगळी वस्ती गोळा झाली होती. मातीच्या रुंद तटबंदीच्या आत हजारो काळे तंबू खेटून उभे, आणि त्यांत बायका-मुले, चुवाल, तोरबे, गालिचे. खंदक खणत रशियन फौज जवळ येत राहिली. तेक्के रात्री तलवारी घेऊन बाहेर पडत आणि खंदकांत घुसून कापाकापी करून परतत. १८८१च्या २४ जानेवारीला, जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे १२ जानेवारीला, तटाखाली भुयारात भरलेला सुरुंग उडाला. भिंतीला खिंडार पडले आणि सैनिक आत घुसले. तटाच्या आत साडेसहा हजार प्रेते मोजली गेली. वाळवंटाकडे पळणाऱ्यांचा घोडेस्वारांनी मैलोन्‌मैल पाठलाग केला, त्यात आणखी आठ हजार माणसे मेली. त्यांत बायका आणि मुले होती हे रशियन बाजूनेही कधी नाकारले नाही. लंडनच्या 'डेली न्यूज'चा वार्ताहर एडमंड ओ'डोनोवन हा आयरिश गडी दक्षिणेकडच्या डोंगरावरून दुर्बिणीने हे पाहत होता. तिथून तो मर्व्हला गेला आणि तेक्केंच्या निम्म्या कैदेत, निम्म्या पाहुणचारात काही महिने राहिला.

कोट पडल्यावर स्कोबेलेवने शिपायांना काही दिवस लुटीची मोकळीक दिली. रिकाम्या तंबूंतून चांदीचे दागिने आणि विणलेले सामान बाहेर निघाले. युरोपीय बाजारात तुर्कमेन कामाची आवक पुढे वाढली, त्यातला एक मोठा लोंढा इथून सुटला. मुख्य गालिचे त्याआधीही बुखाऱ्याच्या आणि खिव्याच्या बाजारात येत होते. पण लग्नातले अस्मालिक, दारावरचे कापुनुक, तंबूचा पट्टा या वस्तू विकायच्या नव्हत्याच. त्या घरातून निघाल्या त्या लुटीने, किंवा पुढच्या वर्षांतल्या उपासमारीने.

तेक्केंचा सरदार तिक्मा पळाला, काही आठवड्यांनी शरण आला आणि रशियन सैन्यात मेजर झाला. मर्व्हने १८८४ साली न लढताच मान तुकवली. ती वाटाघाट घडवून आणण्यात अखालचा खान नूरबेर्दी याची विधवा गुलजमाल हिचा वाटा मोठा होता. १८८५ साली पंजदेहला रशियन आणि अफगाण फौजा भिडल्या आणि लंडन-सिमल्यात युद्धाच्या गोष्टी सुरू झाल्या.

तोपर्यंत रेल्वे येऊन पोचली होती. कॅस्पियनच्या किनाऱ्यावरून जनरल अनेन्कोव याने रूळ टाकायला सुरुवात केली ती स्कोबेलेवच्या मोहिमेला रसद पुरवण्यासाठी. १८८१ साली गाडी किझिल आर्वातला, १८८५च्या अखेरीस अश्काबादला, १८८६ साली मर्व्हला आणि १८८८ साली समरकंदला लागली. त्याच वर्षी या गाडीने पर्यटन करून गेलेल्यांत जॉर्ज कर्झन नावाचा एक तरुण ब्रिटिश खासदार होता. ग्योक तेपेच्या पडक्या तटाजवळून त्याची गाडी गेली आणि पुढे त्याने त्यावर सविस्तर लिहिले. अकरा वर्षांनी तो हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होणार होता.

रुळांनी विणकामाचे जे केले ते तोफांनीही केले नव्हते. काफिल्यातून महिनोन्‌महिने लागणारा माल आता आठवड्यात कॅस्पियनला आणि तिथून बाकू, तिफ्लिस, इस्तंबूल, लंडनला पोचू लागला. उलट्या दिशेने आले रासायनिक रंग. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किन याने १८५६ साली पहिला कृत्रिम जांभळा शोधला होता. पुढच्या दोन दशकांत जर्मन कारखान्यांनी लालाचे डझनभर प्रकार काढले. पुडी पाण्यात घातली की रंग तयार. मुळे खणणे नको, तासन्‌तास उकळणे नको. बाईच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचाच होता. फक्त हे सुरुवातीचे लाल ओले झाले की शेजारच्या पांढऱ्यात पसरत, आणि उन्हात काही जांभळे राखाडी होत. आज तज्ज्ञ एखाद्या तुकड्याचे वय ठरवताना पहिल्यांदा पाहतात ते हेच, पांढऱ्या धाग्यात गुलाबी झाक उतरली आहे का.

मागणी गालिच्यांची होती, तीही युरोपच्या दिवाणखान्यांच्या मापाची. घरात आधी चुवाल विणणारी बाई आता सावकाराने दिलेल्या लोकरीतून विक्रीचा गालिचा विणू लागली. धाडी बंद, गुरेमेंढ्या कमी, कर रोखीत भरायचा. घरी शिल्लक असलेले जुने चुवाल व्यापाऱ्याला द्यावे लागत, आणि व्यापारी त्यांची पाठ कापी. अस्मालिकची जोडी फुटली. एक तुकडा एका गिऱ्हाईकाकडे, दुसरा दुसऱ्या शहरात. आज संग्रहालयांत जे अस्मालिक आहेत त्यांतले बरेचसे असे एकटेच आहेत.

या मालाला नावही परकेच मिळाले. तेक्के असो की सालोर, लंडन-न्यूयॉर्कच्या दुकानदारांना सगळे 'बोखारा'. कारण माल बुखाऱ्याच्या बाजारातून येत असे. दारावरच्या एन्सीला तर त्यांनी 'प्रिन्सेस बोखारा' असे गोंडस नाव दिले. त्या दारात कोणी राजकन्या कधी राहत नव्हती.

या घसरणीकडे नीट पाहणारा पहिला माणूस त्याच साम्राज्याचा अधिकारी निघाला. जनरल आंद्रेई बोगोल्युबोव विसाव्या शतकाच्या तोंडावर ट्रान्सकॅस्पिया प्रांताचा प्रमुख होता. त्याने जुने तुकडे जमवायला सुरुवात केली, आणि जमवताना 'बोखारा' या सरसकट नावावर न थांबता हा तेक्केंचा, हा सालोरांचा, हा योमुतांचा असे वेगळे केले. नोकरीतून उतरल्यावर १९०८-०९ साली पीटर्सबर्गला त्याने रशियन आणि फ्रेंच मजकुराचे दोन भागांतले भव्य पुस्तक काढले, त्यातली चित्रे रंगीत. तुर्कमेन विणकामाची जमातवार मांडणी करणारे हे पहिले मोठे काम. त्याचा संग्रह आज पीटर्सबर्गच्या मानववंश संग्रहालयात आहे. त्याच सुमारास, १९०० ते १९०२मध्ये, चित्रकार आणि छायाचित्रकार सामुइल दुदिन याने याच संग्रहालयासाठी मध्य आशिया पालथा घातला आणि गालिच्यांबरोबर पिशव्या, पट्टे, दाराचे पडदे आणले. ग्योक तेपेनंतर वीस वर्षांत जेत्यांनीच त्या संस्कृतीची यादी केली, हा विरोधाभास टोचणारा आहे. पण ही यादी झाली नसती तर आज बहुतेक तुकड्यांना 'बोखारा'शिवाय दुसरे नाव उरले नसते. बोगोल्युबोवच्या पुस्तकात जमाती आहेत, ठिकाणे आहेत. विणणाऱ्या बाईचे नाव एकाही पानावर नाही. दुदिननेही ते विचारून ठेवले नाही.

क्रांतीनंतर सोव्हिएत सरकारने विणणाऱ्या बायकांच्या सहकारी संस्था उभ्या केल्या आणि तंबूतले लोक सामूहिक शेतांवर पक्क्या घरांत बसवले. घराला भिंत आली, कपाट आले, आणि चुवालची गरज संपली. त्या बायकांच्या हातून आता लेनिनची चेहरेपट्टी गाठींत उतरू लागली. नाक-डोळ्यांच्या सावल्या उतरवायला लागणारी नजर तीच होती जी पूर्वी आडव्या मागावर नमुना न पाहता गुल उठवत असे. १९४१-४२मध्ये अश्काबादच्या विणकरांनी १९३ चौरस मीटरचा एक अवाढव्य गालिचा विणला. तो मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरच्या पडद्यासाठी होता, पण इतका जड झाला की पडदा म्हणून कधी टांगला गेला नाही.

सामूहिकीकरणाच्या काळात हजारो तुर्कमेन कुटुंबे, विशेषतः एर्सारी, मेंढ्यांसकट अफगाणिस्तानात उतरली होती. अंदखोई, आकचा, मझार-ए-शरीफ या भागात त्यांनी माग मांडले. १९७९नंतर सोव्हिएत रणगाडे त्यांच्या मागोमाग तिथेही आले, आणि हीच घराणी पुढे पेशावर, अटकच्या छावण्यांत पोचली. तिथे १९८०च्या दशकात काही परदेशी मदतीने मुळांच्या आणि निळीच्या रंगात विणण्याचे प्रयत्न पुन्हा सुरू झाले. दरम्यान 'बोखारा' हे नाव कधीच तुर्कमेनांच्या हातून निसटले होते. लाहोर-कराचीचे कारखाने तेक्के गुल मलई, हिरव्या, राखाडी अशा हव्या त्या रंगात विणत होते. भारतात अमृतसरच्या मागांवरही हा नमुना जुना आहे.

१९९१ साली तुर्कमेनिस्तान स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी आलेल्या झेंड्यावर उभ्या तांबड्या पट्टीत पाच गुल आहेत. मे महिन्याचा शेवटचा रविवार गालिचा दिन म्हणून पाळला जातो. राष्ट्राध्यक्ष सापरमुरात नियाझोव याच्या काळात २००१ साली ३०१ चौरस मीटरचा आणखी एक महाकाय गालिचा विणून गिनिसच्या नोंदीत गेला. २०१९ साली युनेस्कोने तुर्कमेन गालिचा विणण्याची कला आपल्या मानवी वारशाच्या यादीत घेतली. या सगळ्या मोठेपणात चुवाल आणि तोरबे दिसतात ते अश्काबादच्या गालिचा संग्रहालयात. देशाबाहेर जुना तुकडा न्यायचा तर याच संग्रहालयाच्या तज्ज्ञांकडून तो न्यायला हरकत नाही, असा दाखला घ्यावा लागतो.

वयाचा वाद अजून मिटलेला नाही. बरीच वर्षे असे मानले जाई की हातात असलेले तुर्कमेन काम एकोणिसाव्या शतकाच्या मागे फारसे जात नाही. २०१६ साली स्विस संशोधक युर्ग रागेथ यांनी झुरिकच्या प्रयोगशाळेत केलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या मोजणीचे निकाल प्रसिद्ध केले. काही तुकडे सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत मागे जातात, असे त्यातून दिसले. ही पद्धत अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत नेमके साल देत नाही, म्हणून तिच्या एकटीवर विसंबता येत नाही. रागेथ यांनी म्हणून रंगांची चाचणीही जोडली. कोचिनील आणि कथिलाच्या मिश्रणाने मिळणारा झळाळता लाल सतराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात शोधला गेला, त्यामुळे तो ज्या तुकड्यात आहे तो त्याआधीचा असूच शकत नाही. असा एकेक धागा जुळवत काही सालोर आणि तेक्के पिशव्यांची तारीख आता दोनशे वर्षांनी मागे ढकलली जात आहे, आणि लिलावात त्यांचे भाव त्याच वेगाने पुढे चालले आहेत.